उसाच्या ट्रॉलीला टायर घेताय? आधी काट्यावर जाऊन या

पहिल्या हंगामात मी टायर घेतले ते शेजाऱ्याचे बघून. त्यानं हजार-वीस साईजचे घातले होते, मीही घातले. दोन उतरलेले, म्हणजे ट्रकवरून काढलेले टायर स्वस्तात मिळाले, नक्षी चांगली बोटभर होती, दुकानदार म्हणाला, "दोन हंगाम बघायला नको." डिसेंबरात रात्री साडेअकराला, कारखाना सात किलोमीटरवर असताना, मागच्या ट्रॉलीचा डावा टायर फुटला. ट्रॉली कलली, वरच्या मोळ्या चारीत गेल्या. पुढची ट्रॉली सोडवून घेऊन ड्रायव्हर कारखान्याला गेला आणि मी सकाळपर्यंत पाचटाची शेकोटी करून राखणीला बसलो. ऊस वाळून वजन घटलं ते वेगळंच.

सकाळी फाट्यावरचे पंक्चरवाले चाचा आले. फुटलेल्या टायरची साईड त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली आणि चार आकडे दाखवले: १११५. "दोन हजार पंधरा सालचा अकरावा आठवडा. टायर आठ वर्षांचा आहे बाबा. नक्षी बघून घेतलास व्हय?"

नक्षी बघूनच घेतला होता. ट्रकचा टायर पळून पळून झिजतो. आपली ट्रॉली चार-पाच महिने पळते आणि उरलेलं वर्ष गोठ्यामागं उन्हात उभी असते. तिचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, नाहीतर वजनाखाली मरतो. वाळवा, पलूस, कडेगाव, कराड, कोरेगाव, जिथं कुठं तुम्ही पहिल्यांदा ट्रॉली घेऊन वाहतुकीचा करार करणार असाल, तिथं हे आधी माहीत असू द्या. मला तीन हंगाम लागले.

सोबत काय लागेल

- ट्रॉलीचं आरसी बुक (झेरॉक्स चालेल). त्यात टायरची साईज आणि भारासहित वजन लिहिलेलं असतं.
- गेल्या हंगामातल्या पाच-सहा काटा पावत्या. जास्तीत जास्त वजनाच्या निवडा, सरासरीच्या नकोत.
- मोजपट्टी, खडू, जुनं फडकं, टॉर्च.
- स्वतःचं हवा मोजायचं मीटर, ट्रकचं, १५० पीएसआयच्या पुढं जाणारं. मोटारसायकलचं आणू नका.
- जुन्या टायरचे मोबाइलवर काढलेले फोटो: साईज, पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीचं माप), तारीख आणि झीज.

१. जुना टायर कशानं गेला ते आधी शोधा

हे न करता नवा टायर घातला तर तोही त्याच वाटेनं जातो. टायर खोलायच्या आधी खडूनं त्यावर चाकाची जागा लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा असं. मग बघा.

मधली नक्षी शिल्लक आणि दोन्ही कडा झिजलेल्या असतील तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं, बहुतेक दोन्ही. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त. एकाच बाजूची कड गेली असेल तर टायरला दोष देऊ नका. अक्सल वाकलाय, पाट्याचा यू-बोल्ट ढिला होऊन अक्सल सरकलाय किंवा बेअरिंग खेळतंय. दांडी सरळ धरून पुढच्या आणि मागच्या अक्सलमधलं अंतर डाव्या बाजूनं मोजा, मग उजव्या बाजूनं. माझ्या ट्रॉलीत सव्वा इंचाचा फरक निघाला होता. म्हणजे ट्रॉली रोज तिरकी ओढली जात होती आणि मी टायरच्या कंपनीला शिव्या देत होतो.

साईडला बारीक चिरा असतील तर तो उन्हाचा आणि वयाचा परिणाम. टेंगूळ आलं असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर त्याच दिवशी उतरवा. तळाला आरपार छिद्रं असतील तर ती बहुतेक फडातल्या बुडख्यांची. कोयत्यानं तिरकं तुटलेलं बुडखं ट्रॉलीच्या वजनाखाली सुळ्यासारखं घुसतं. त्यावर टायर बदलून उपाय नाही, फडात वाट धरताना सरीच्या कडेनं जावं लागतं.

२. काट्यावर जा

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला.

कारखान्याच्या पावतीवर भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन असतं, पण ते ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या मिळून. त्यावरून एका टायरवर किती येतंय ते कळत नाही. म्हणून एका खेपेला रस्त्यातल्या खाजगी काट्यावर थांबा. चार पैसे जातील. आधी एक ट्रॉली एकटी काट्यावर उभी करा. मग तिचा फक्त मागचा अक्सल काट्यावर राहील अशी पुढं घ्या. दोन आकडे मिळतात, वजाबाकी केली की पुढच्या अक्सलचाही मिळतो.

माझ्या चारचाकी ट्रॉलीचे आकडे असे आले: भरलेली ट्रॉली ११,६०० किलो, त्यातले मागच्या अक्सलवर ६,४००, पुढच्यावर ५,२००. ऊसतोड टोळीवाले मागून भरतात आणि शेपटाकडं मोळ्या दाबून रचतात, म्हणून मागं जास्त. म्हणजे मागच्या एकेका टायरवर ३,२०० किलो. तेही सपाट काट्यावर. रस्त्याचा उतार डावीकडं असला, ट्रॉली उंच भरली असली, की डाव्या टायरवर आणखी सरकतं. त्या रात्री डावाच का फुटला हे मला तेव्हा कळलं.

हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. आणि आरसीवर जे भारासहित वजन आहे तीच कायद्याची मर्यादा. जाड टायर घातला म्हणून ती वाढत नाही. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा हेच बघतो.

३. टायर वाचायला शिका

साईडवर बरंच काही छापलेलं असतं, आपल्याला चार-पाच गोष्टी पुरतात.

*साईज.* १०.००-२० म्हणजे बोलीतला हजार-वीस: रुंदी सुमारे दहा इंच, रिंग वीस इंचाची. ९.००-२० म्हणजे नऊशे-वीस. छोट्या ट्रॉल्यांना ९.००-१६ किंवा ७.५०-१६ असतो. आकडा बदलायचा मोह झाला तर रिंगेची रुंदी बघा. नऊशे-वीसला साधारण सात इंची रिंग लागते, हजार-वीसला साडेसात. अरुंद रिंगेवर रुंद टायर बसतो खरा, पण त्याची साईड दबून राहते आणि तिथंच चिरते. साईज बदलली तर ती आरसीवरही बदलून घ्यावी लागते.

*पीआर.* १४ पीआर, १६ पीआर असं लिहिलेलं असतं. आत तेवढे थर असतात अशी समजूत आहे, तसं नाही. ते ताकदीचं माप आहे. एकाच साईजमध्ये पीआर जास्त म्हणजे जास्त हवा आणि जास्त वजन पेलणारा टायर. पण हवा तेवढी भरली तरच! १६ पीआर घेऊन त्यात १२ पीआरची हवा ठेवणारे माझ्या गावात निम्मे आहेत.

*भाराचा आकडा.* हा कोणी बघत नाही आणि हाच महत्त्वाचा. १४६/१४३ के असं काहीतरी असतं. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. ट्रॉलीला एकेरी चाक, म्हणून पहिला धरा. हे किलो नाहीत, कोड आहे: १४० म्हणजे २,५०० किलो, १४३ म्हणजे २,७२५, १४६ म्हणजे ३,०००, १५० म्हणजे ३,३५०. शेवटचं अक्षर वेगाचं: 'के' म्हणजे ताशी ११० किलोमीटर, 'जे' म्हणजे १००.

आता खिशातला कागद काढा. माझ्या मागच्या टायरवर ३,२०० आणि १४६ चा टायर पेलणार ३,०००. दुकानदार सांगेल की ट्रॅक्टर वीस-पंचवीसनंच चालतो, कमी वेगाला टायर जास्त वजन घेतो. खोटं नाही ते, कंपन्यांच्या तक्त्यात तशी सवलत असते. पण ती सवलत योग्य हवा भरलेल्या, चिरा नसलेल्या टायरला आहे. आपल्या पाणंदीच्या खड्ड्यात आणि कलत्या रस्त्यात ती कधीच खर्ची पडलेली असते. मी उलटं केलं. मागच्या दोन-तीन थरांतल्या मोळ्या पुढं घ्यायला मुकादमाला सांगितलं आणि एकूण ऊस टनाभरानं कमी केला. मुकादम कुरकुरला. त्यानंतर दोन हंगाम टायर फुटला नाही.

*तारीख.* लांबोळक्या चौकटीत चार आकडे. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. टायरच्या एकाच बाजूला असतात बहुतेक, आणि दुकानात ती बाजू नेमकी भिंतीकडं असते. टायर फिरवायला लावा, लाजू नका. नवा म्हणून घेताना वर्षापेक्षा जुना मी घेत नाही.

*आयएसआय खूण.* ट्रक-बसच्या टायरला ती सक्तीची आहे, सोबत आयएस १५६३६ हा आकडा असतो. खूण नसलेला "इंपोर्टेड" टायर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या.

४. नायलॉन की रेडियल, पट्टी की बटण

यात फार डोकं लावू नका. ट्रॉलीची चाकं ओढली जातात, ती स्वतः जोर लावत नाहीत. म्हणून खोल बटणांचा टायर ट्रॉलीला लागत नाही. त्यात मळीच्या रानातली काळी माती बसते, टायर जड होतो आणि डिझेल जातं. सरळ पट्ट्यांचा किंवा पट्टी-बटण मिश्र घ्या.

नायलॉनची साईड जाड, बुडखा आणि दगड जास्त सोसते, पंक्चर कुठल्याही फाट्यावर निघतं. रेडियल डांबरी रस्त्यावर थंड चालतो, जास्त टिकतो, पण साईड पातळ. तुमची खेप बहुतेक हायवेनं असेल तर रेडियलचा विचार करा. फडातून पाणंद आणि पाणंदीतून कारखाना असेल तर नायलॉन. मी नायलॉनवाला आहे. एकाच अक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल हा प्रकार मात्र करू नका. रेडियल घेतलात तर ट्यूबही रेडियलचीच घ्या, नायलॉनची जुनी ट्यूब घालून पैसे वाचत नाहीत.

टायरची बैलगाडी असेल तर तिची दुनिया वेगळी. तिथं १९ इंची रिंगेचे, साईडवर एडीव्ही (जनावरानं ओढायचं वाहन) लिहिलेले टायर येतात, ७.००-१९ किंवा ८.००-१९. ते ट्रॅक्टरमागं जोडलेल्या गाडीला घालण्याआधी त्यावरचा वेग वाचा. बैलाच्या चालीसाठी केलेला टायर ट्रॅक्टरच्या चालीला तापतो.

५. नवा, रिमोल्ड की उतरलेला

चारही नवे घ्यायला पैसे नसतात हे मला माहीत आहे. तेव्हा माझा क्रम असा: मागच्या अक्सलला दोन नवे, पुढच्याला स्वतःचेच रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले. 'स्वतःचे' यावर जोर आहे. तुमचा टायर कसा चालला, किती वेळा हवा कमी असताना ओढला, हे तुम्हाला माहीत असतं. दुकानात तयार मिळणाऱ्या रिमोल्डच्या आतलं केसिंग (मूळ टायर) कुणाचं, काय सोसलेलं, देव जाणे. रिमोल्डला टाकताना टायरवरचा नंबर लिहून ठेवा आणि परत तोच आलाय का बघा. आणि नक्षी पार चकोट होईपर्यंत थांबू नका, धागे दिसू लागले की तो टायर रिमोल्डला घेत नाहीत. नियमानं किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. खाचेत त्या उंचीच्या छोट्या गाठी असतात, नक्षी त्यांना टेकली की टायर संपला.

उतरलेला, म्हणजे ट्रकवरून काढलेला टायर घ्यायचाच असेल तर रिंगेवर चढवलेला घेऊ नका. सुटा घ्या, आतून टॉर्च मारा. आत गेटर (जुन्या टायरचा तुकडा) चिकटवलेला असेल, मोठा पॅच असेल किंवा आतल्या साईडला गोल काळपट रेघ फिरलेली असेल (हवा नसताना चालवल्याची खूण), तर सोडून द्या. तारेजवळची कड बोटानं चाचपा. काळ्या रंगानं चकचकीत केलेला टायर दिसला की मी तर ओल्या फडक्यानं पुसूनच बघतो, रंगाखाली चिरा असतात.

६. खरेदी: कधी, कुठं, कसं बिल

कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी, म्हणजे गणपती ते दसरा या काळात घ्या. मोळी टाकल्यावर, म्हणजे गाळप सुरू झालं की, सगळ्या जिल्ह्याला एकदमच टायर आठवतात. मग हवी ती साईज नसते, "हाच घ्या, सारखाच आहे" सुरू होतं.

सांगली, मिरज, कराड, सातारा, चारही ठिकाणी दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि विचारताना टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिंगेमधली रबरी पट्टी), बसवणावळ आणि जीएसटी धरून एकच आकडा मागा. एकजण टायरचा भाव कमी सांगतो आणि ट्यूब-फ्लॅपमध्ये काढून घेतो. वीस इंची ट्यूब टायरला फ्लॅप लागतोच. जुना फ्लॅप घडी पडलेला असेल तर नवी ट्यूब महिन्यात जाते.

जीएसटीचा एक गोंधळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ते ऐकून लोक ट्रॉलीच्या टायरलाही ५ टक्केच लावा म्हणून भांडतात. हजार-वीस हा ट्रकचा टायर, त्याचा कर २८ वरून १८ टक्के झालाय. १८ लावला तर दुकानदार फसवत नाही.

कारखान्याच्या उचलीच्या (आगाऊ पैशाच्या) भरवशावर उधार देणारी दुकानंही आहेत. "पैसे बिलातून कापू." कापा, पण रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही वहीत लिहून घ्या आणि फरकाचं महिन्याचं व्याज काढा. मी एकदा काढलं आणि सोसायटीचं कर्ज स्वस्त निघालं.

बिल पक्कंच घ्या आणि त्यावर प्रत्येक टायरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. तयार करण्यातला दोष निघाला तर कंपनी बिल आणि नंबर मागते. नंबर नसलेल्या बिलावर एका दुकानात मला "टायर आमच्याकडचा कशावरून?" असं ऐकावं लागलंय.

७. बसवताना समोर उभं राहू नका

ट्रॉलीच्या वीस इंची रिंगा बहुतेक लॉक रिंगच्या असतात, म्हणजे टायर अडवून धरणारी कड वेगळी, काढता येणारी असते. हवा भरताना लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती सुटून तोफगोळ्यासारखी येते. माणसं मेलीत यानं. म्हणून:

टायर खोलण्याआधी वाल्वची पिन काढून सगळी हवा सोडा. रिंग गंजलेली, तडकलेली किंवा वाकलेली असेल तर ठोकून बसवू नका, बदला. हवा भरताना पिंजरा असेल तर पिंजऱ्यात, नसेल तर चाकाला साखळी गुंडाळून आणि लॉक रिंगची बाजू जमिनीकडं करून. नळी लांब घ्या आणि बाजूला उभे राहा. पोरांना तिथून हाकला.

खोललंच आहे तर ड्रम काढून बेअरिंग धुऊन ग्रीस भरा. अर्ध्या तासाचं काम. तापलेलं बेअरिंग ड्रम तापवतं आणि ड्रम टायर तापवतो.

८. हवा

टायर थंड असताना, सकाळी पहिल्या खेपेआधी हवा बघायची. टायरच्या साईडवर जास्तीत जास्त भार आणि त्याची हवा छापलेली असते, भरलेल्या ट्रॉलीला तीच धरा. हजार-वीस १६ पीआरला ती शंभर पीएसआयच्या बरीच वर जाते. फाट्यावरच्या छोट्या टाकीच्या कॉम्प्रेसरला ऐंशी-नव्वदनंतर दम लागतो आणि दुकानदार टायरवर हातोडा मारून "टणटणीत आहे" म्हणतो. हातोड्यानं हवा कळत नाही, स्वतःचं मीटर लावा.

खेपेत टायर गरम झाला, हवा वाढलेली दिसली, म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते आणि पुढच्या खेपेला टायर आणखी तापतो. कारखान्यावर नंबराला उभे असताना चारही टायरांजवळ हात नेऊन बघा. एकच इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याची हवा किंवा बेअरिंग तपासा.

नवे टायर बसवल्यावर पहिल्या दोन खेपांनंतर नट पुन्हा आवळा, समोरासमोरचे जोडीनं. वर्षभरात एवढं एकच करायला विसरलात तरी चाक निखळून पडू शकतं.

९. पट्टा पडल्यावर

हंगाम संपला की ट्रॉली धुवा. उसाचा रस आणि माती टायरवर वाळू देऊ नका. अक्सलखाली लाकडी ठोकळे लावून चाकं जमिनीपासून उचला. तेवढे ठोकळे नसतील तर निदान महिन्यातून एकदा ट्रॉली हातभर पुढं-मागं सरकवा, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहत नाही. उन्हाच्या बाजूला जुनी पोती किंवा ताडपत्रीचे तुकडे बांधा. डिझेल, ऑइल सांडलेल्या जागी उभी करू नका. काळं ऑइल टायरला चोळणारे आहेत, तेही नको, रबर मऊ होऊन सुटतं.

मे महिन्यात ट्रॉली वेल्डिंगला जाते. तेव्हा चाकं उतरवून मगच न्या. हवा भरलेला टायर रिंगेवर असताना त्या रिंगेला वेल्डिंग किंवा गॅसची आच दिली तर आतली हवा आणि रबर तापून टायर फुटतो, आणि तो रस्त्यावरच्यापेक्षा फार जोरात फुटतो. वेल्डिंगवाला "दोन टाकेच मारायचेत" म्हणेल. जॅक तुमच्याकडं असतो, पाना असतो. चाक काढा, मग टाके मारू दे.